नरसंहार नाकारणाऱ्याला तुरुंग की मोकळीक? जर्मनी आणि अमेरिका

जर्मनीत ज्यूंचा नरसंहार झालाच नाही, असं जाहीरपणे सांगणं हा गुन्हा आहे. दंडसंहितेच्या कलम १३० मध्ये १९९४ साली ही तरतूद स्पष्टपणे घातली गेली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. ज्या देशाने हे कृत्य केलं, त्याने वाचलेल्यांच्या तोंडावर 'तुम्ही खोटं बोलता' असं कुणाला म्हणू द्यायचं नाही, हे मला पटतं.

अमेरिकेत अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली घटनादुरुस्ती अशा खोट्यालाही संरक्षण देते. इलिनॉय राज्यातलं स्कोकी गाव घ्या. तिथे छळछावण्यांतून वाचलेले हजारो लोक राहत होते, आणि १९७७ साली नाझीवाद्यांनी तिथेच मोर्चाची परवानगी मागितली. गावाने विरोध केला, पण न्यायालयांनी मोर्चेकऱ्यांचा हक्क मान्य केला. मोर्चा शेवटी शिकागोत निघाला. स्कोकीतले वाचलेले मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी शाळांतून बोलायला सुरुवात केली, संस्था उभारली, आणि २००९ साली तिथे मोठं संग्रहालय उघडलं.

तरीही २०२० च्या अमेरिकेतल्या पाहणीत ६३ टक्के तरुणांना साठ लाख ज्यू मारले गेले हे माहीत नव्हतं. हा आकडा मला अस्वस्थ करतो. त्यातल्या बहुतेकांनी काही नाकारलेलं नाही. त्यांना कुणी नीट शिकवलंच नाही. त्यावर कलम १३० चाही इलाज नाही. म्हणून निवडायचंच झालं तर मी जर्मनीचा कायदा निवडेन, पण स्कोकीचे वर्ग सोडणार नाही.