पाच जणांकडे पाच वेगळे संच: हार्ट्स ऑफ आयर्न ४ एकत्र खेळल्यानंतरचे नऊ महिने

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जणांनी ठरवलं की दर शनिवारी रात्री नऊला हार्ट्स ऑफ आयर्न ४, हा दुसऱ्या महायुद्धावरचा डावपेचांचा कॉम्प्युटर गेम, एकत्र खेळायचा. मी जळगावचा. दादा भुसावळला रेल्वेत, नाना धुळ्यात, बापूंची रावेरकडे केळीची बाग, आणि छोटू शहाद्याचा, आमच्यात सगळ्यात लहान. गेम प्रत्येकाकडे आधीपासून होता आणि एकट्याने खेळून सगळ्यांचे हात बसले होते. पण एकत्र खेळताना कोणाकडे कुठला डीएलसी (मूळ गेमवर वेगळा विकत घ्यायचा जोडभाग) आहे याने काय फरक पडतो, हे एकालाही नीट माहीत नव्हतं. नऊ महिन्यांत दोन मोहिमा अर्धवट सुटल्या, एक पूर्ण झाली, चौथी चालू आहे. जे कळलं ते सविस्तर लिहितोय, कारण हे आधी माहीत असतं तर छोटूचे पैसे वाचले असते. ती गोष्ट मला अजून लागते.

गेम ६ जून २०१६ ला आला. त्यानंतर जवळजवळ दरवर्षी त्यावर काही ना काही चढत गेलं. २०१९ च्या मॅन द गन्सने जहाजं स्वतः रचायची सोय दिली, २०२० च्या ला रेझिस्तान्सने गुप्तहेर, २०२१ च्या नो स्टेप बॅकने रणगाडे रचायची सोय, २०२२ च्या बाय ब्लड अलोनने विमानं, २०२३ च्या आर्म्स अगेन्स्ट टिरनीने शस्त्रांचा बाजार. २०२५ मधल्या ग्रेव्हयार्ड ऑफ एम्पायर्समध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भारतासाठी नवं काम झालं. आता हे सगळं प्रत्येकाने प्रत्येक वेळी घेतलेलं नसतं. आमच्यात दादांकडे जवळपास सगळं होतं. नानांकडे २०२० पर्यंतचं. बापूंनी सेलमध्ये जे स्वस्त दिसलं ते घेतलेलं, त्यामुळे त्यांचा संच मधूनमधून दात पडल्यासारखा. माझ्याकडे तीन. छोटूकडे नुसता मूळ गेम.

पहिल्या शनिवारी दादांनी लॉबी उघडली, म्हणजे सामन्याआधी सगळ्यांनी जमायची खोली. बापू आणि मी आत गेलो. नाना आणि छोटू बाहेरच. फोनवर नाना म्हणाले, "आते काय व्हयनं रे भो? मना कोड येगळा शे." मेनूमध्ये आवृत्तीच्या आकड्याजवळ चार अक्षरांचा एक कोड दिसतो, चेकसम म्हणतात त्याला. तो होस्टच्या, म्हणजे लॉबी उघडणाऱ्याच्या, कोडशी जुळला पाहिजे. आम्ही रात्री अकरापर्यंत झटापट केली आणि शेवटी मी मोठ्या आत्मविश्वासाने निकाल दिला की ज्यांच्याकडे डीएलसी कमी आहेत त्यांना गेम घेत नाहीये. छोटूने माझं ऐकलं. पुढच्या आठवड्यात त्याने दोन डीएलसी विकत घेतले. कॉलेजात शिकणारा मुलगा, खर्चायचे पैसे मोजके. दुसऱ्या शनिवारीही तो आत येऊ शकला नाही.

खरं कारण निघालं ते असं. नानांनी कधीतरी एक जुनी मोहीम संपवण्यासाठी स्टीममध्ये (जिथून गेम विकत घेऊन उतरवतो ते ऑनलाइन दुकान) गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बीटाजमधून जुनी आवृत्ती निवडून ठेवली होती आणि ते विसरून गेले होते. छोटूकडे एक मॉड, म्हणजे बाहेरच्या कोणीतरी बनवलेली, गेम बदलणारी जोड, चालू होता. त्याला वाटत होतं की तो फक्त नकाशाचे रंग बदलतो, पण त्यात आकडेही बदललेले होते. नानांनी आवृत्ती बदलली, छोटूने मॉड बंद केला, आणि पाचही कोड जुळले. डीएलसीचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

हे का होतं ते समजून घेतल्यावर पुढचं सगळं सोपं झालं. अशा गेममध्ये होस्टचं मशीन सगळ्यांना चित्र पाठवत नाही. पाचही मशीन आपापल्या घरी संपूर्ण जगाचं गणित करत असतात, तारेवरून जातात ते फक्त हुकूम: अमुक डिव्हिजन तमुक ठिकाणी हलवा. म्हणून कमी वेगाच्या नेटवरही हजारो तुकड्यांचं युद्ध चालतं. पण त्यासाठी पाचही ठिकाणी गणिताची पुस्तकं सारखी हवीत. एका ठिकाणी बंदुकीची किंमत वेगळी निघाली, तर थोड्या वेळाने नानांच्या पडद्यावर पॅरिस पडलेलं असेल आणि माझ्या पडद्यावर उभं असेल. आवृत्ती आणि मॉड ही ती पुस्तकं. डीएलसीचा मजकूर मात्र अपडेटबरोबर सगळ्यांकडे उतरतोच, कुलूप उघडायचं की नाही एवढाच प्रश्न असतो. आणि हार्ट्स ऑफ आयर्न ४ मध्ये तो प्रश्न होस्टच्या किल्लीने सुटतो: होस्टकडे जे डीएलसी आहेत ते त्या सामन्यापुरते सगळ्यांना मिळतात. छोटूकडे रणगाड्यांचा डीएलसी नसताना तो दादांच्या लॉबीत बसून रणगाडे रचू शकतो.

हा नियम मला मनापासून आवडतो. गावाकडच्या मित्रमंडळात सगळ्यांची ऐपत सारखी नसते, आणि एकाने घेतलेली वस्तू पाच जणांना वापरता येते ही फार मोठी गोष्ट आहे. या गेमची शिफारस करायचं माझं पहिलं कारण हेच.

सगळ्याच खेळांत असं नसतं. सिव्हिलायझेशन ६ मध्ये गॅदरिंग स्टॉर्म या विस्ताराच्या नियमांनी खेळायचं तर तो बसलेल्या प्रत्येकाकडे हवा. डॉन ऑफ वॉर नानांचा जुना लाडका. त्यातलं २००६ चं डार्क क्रूसेड स्वतंत्र चालतं, पण आधीचे भाग नसतील तर इतरांशी खेळताना टाऊ आणि नेक्रॉन या दोनच बाजू मिळतात. बापूंकडे २००८ चं सोलस्टॉर्म. तो वेगळाच गेम धरला जातो, त्यामुळे दोघांकडे डॉन ऑफ वॉर असूनही दोघं समोरासमोर येऊ शकले नाहीत. एज ऑफ एम्पायर्स २ च्या डेफिनिटिव्ह एडिशनची रीत मधली आहे: २०२२ चा डायनेस्टीज ऑफ इंडिया ज्याने घेतला तोच बंगाली, द्रविड किंवा गुर्जर निवडू शकतो, पण ज्याने घेतला नाही तोही त्यांच्याविरुद्ध बिनतक्रार खेळू शकतो. छोटू गुजर समाजातला, त्याला गुर्जरच हवे होते. त्याच्या वाढदिवसाला आम्ही चौघांनी मिळून तो डीएलसी भेट दिला. आधीच्या चुकीची भरपाई म्हणा. त्याच्या गिरणीत मेंढ्या कोंडलेल्या असतात, अन्न वाढत राहतं, आणि आम्ही मूळ गेमवाले त्याच्याकडून हरतो. मधल्या वारी तासाभराचा खेळ हवा असेल तर आम्ही अजून तोच लावतो.

आणखी एक गेम घेतला होता, षटकोनी घरांच्या नकाशावरचा, पाळीपाळीने चाल पाठवायचा. त्याचं नाव लिहीत नाही. मोहिमेचा नकाशा एका विस्तारातला होता आणि तो दोघांकडे असणं गरजेचं होतं, पण विक्रीच्या पानावर हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. बापू आणि मी तीन आठवडे खेळलो ते फक्त सरावाचे दोन नकाशे. एकत्र खेळण्याच्या अटी विकण्याआधी स्पष्ट लिहायला काय हरकत असते, हे मला आजही कळत नाही.

परत मुख्य गेमकडे. होस्टचे डीएलसी सगळ्यांना मिळतात हे ठीक, पण त्याने दोन नव्या अडचणी उभ्या राहिल्या, आणि त्यांबद्दल मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

पहिली सरावाची. छोटू आठवडाभर घरी एकटा सराव करायचा तो त्याच्या स्वतःच्या संचावर. तिथे रणगाडा म्हणजे ठरावीक तयार मॉडेल, संशोधन झालं की बांधायला घ्यायचं. शनिवारी दादांच्या लॉबीत आला की त्याच्यासमोर तोफ, चिलखत, इंजिन, बुरूज असं सगळं वेगवेगळं निवडायचं पान. ज्या गोष्टीला आम्ही दहा मिनिटं विचार करतो ती त्याला खेळ चालू असताना पहिल्यांदा दिसायची. पहिल्या मोहिमेत तो सोव्हिएत युनियन होता. १९४१ च्या उन्हाळ्यात त्याची फळी कोसळली तेव्हा बापू म्हणाले, पोरगं कच्चं आहे. पोरगं कच्चं नव्हतं, ते वेगळाच गेम शिकून येत होतं. हक्क मिळणं आणि हात बसणं यांतला फरक आमच्या लक्षात यायला चार महिने गेले. तेव्हापासून दादा गुरुवारी तासभर लॉबी उघडून ठेवतात, सामना नाही, फक्त छोटू आणि मी रचना करून बघतो. दुसरा उपाय लाँचरमध्ये, म्हणजे गेम सुरू होण्याआधीच्या खिडकीत, आहे. तिथे होस्ट आपले डीएलसी बंद करू शकतो. तिसऱ्या मोहिमेत आम्ही ठरवून गुप्तहेर बंद केले, कारण पाचांपैकी तिघांना त्यात रस नव्हता. तीच मोहीम आमची पूर्ण झाली.

दुसरी अडचण होस्ट नसतो तेव्हाची. दादांची नाइट ड्युटी लागली की सामना कोणी चालवायचा? सेव्ह फाइल माझ्याकडे होती. पण ती मोहीम ज्या डीएलसींवर उभी होती ते माझ्याकडे नव्हते, आणि त्यांच्याशिवाय ती तशीच पुढे नेता येत नाही. रणगाड्यांच्या रचना, जहाजं, सगळंच त्यात गुंतलेलं. पहिली मोहीम अशीच सुटली, सलग चार शनिवार दादा नव्हते. दुसरी उन्हाने घेतली. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, रात्री दहालाही भिंती गरम असतात, आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही. होस्टची वीज गेली की पाचही जण बाहेर. छोटूची गेली तर फक्त छोटू बाहेर, आणि तो चालू सामन्यात परतही येऊ शकतो. म्हणून होस्ट निवडताना कोणाकडे डीएलसी जास्त एवढंच पाहू नका. इन्व्हर्टर कोणाकडे आहे तेही बघा.

आता आमच्याकडे दोन होस्ट आहेत. मी राहिलेले डीएलसी एकदम विकत घेतले नाहीत. या गेमच्या सगळ्या विस्तारांची महिन्याची वर्गणी मिळते, ती ज्या महिन्यात दादांच्या नाइट जास्त असतात त्या महिन्यात मी भरतो, आणि ती रक्कम पाच जणांत वाटली जाते. दर सामन्यानंतर होस्ट सेव्ह फाइल ड्राइव्हवर टाकतो. मोहीम चालू असेपर्यंत सगळे एकाच जुन्या आवृत्तीवर थांबतो, तेच बीटाजचं पान, ज्याने पहिल्या दिवशी आम्हाला रडवलं होतं. नवा पॅच आला तरी मोहीम संपेपर्यंत कोणी पुढे जात नाही. साडेआठला प्रत्येकाने चार अक्षरांच्या कोडचा फोटो ग्रुपवर टाकायचा, नऊला लॉबी. मधेच गणित बिघडून सिंक तुटला, तर वाद न घालता होस्टने सेव्ह करायचं आणि सगळ्यांनी परत आत यायचं. पाच मिनिटं जातात.

हे सगळं करूनही हा गेम का खेळतो, तर दादांमुळे. नो स्टेप बॅकच्या वेळी आलेल्या मोफत पॅचने पुरवठ्याची सगळी पद्धत बदलली. रूळ, डेपो, गाड्या, हे नीट नसेल तर पुढची फौज उपाशी राहते. भुसावळ जंक्शनवर आयुष्य घालवलेला माणूस हा नकाशा बघतो तेव्हा त्याचं बोट थेट त्या एकेरी मार्गावर जातं जिथे सगळं अडणार आहे. त्यांचे वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत होते, काडतुसं बनायची तिथे. बंदुकांचे कारखाने वाटताना ते त्यांची आठवण काढतात, आणि आम्ही खेळ थांबवून ऐकतो. हे एकट्याने खेळताना कुठून मिळणार?

नवा गट जमवत असाल तर माझं सांगणं एवढंच: कोणालाही काही विकत घ्यायला लावण्याआधी पाचही जणांची आवृत्ती आणि मॉड तपासा. तरीही कोणी बाहेर राहिला, तर तो गेम होस्टचे डीएलसी वाटून देतो की प्रत्येकाकडून मागतो, ते आधी शोधा. पैसे खर्च करायचेच असतील तर एकाच होस्टवर करा.

चौथ्या मोहिमेत छोटूने भारत घेतलाय, दादांच्या डीएलसीवर. एप्रिल १९४१ चालू आहे आणि तो ब्रह्मदेशाच्या सीमेवर रस्ते बांधतोय. या शनिवारी दादांची नाइट आहे, बापूंकडे केळीची कटाई असल्याने ते साडेनऊला येणार. होस्ट मी. सेव्ह कालच उतरवून घेतला, उघडून पाहिला, कोड जुळलाय.