बाहेरच्या भिंतीच्या फळ्या: दुरुस्ती करून घेतली, त्याबद्दल

पश्चिमेकडच्या भिंतीवरच्या जुन्या लाकडी फळ्या उतरवून तिथे फायबर सिमेंटचे (सिमेंटमध्ये तंतू मिसळून केलेले) बोर्ड बसवून घेतले. उरलेल्या भिंतींवर जिथे भागलं तिथे नुसती डागडुजी केली. काम झाल्यावर पावसाचा एक अख्खा मोसम गेला, म्हणून आता खात्रीने लिहिते: या कारागिरांना मी पाचपैकी चार तारे देईन. कापलेला एक तारा कशासाठी, तेही पुढे सांगते.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की आल्या आल्या त्यांनी बोर्डांचे नमुने पुढे केले नाहीत. आधी ओल कुठून येते ते शोधलं. खिडक्यांखाली, कोपऱ्यांत, जमिनीलगत टोच्याने टोचून पाहिलं आणि जागोजागी मॉइश्चर मीटर, म्हणजे ओल मोजायचं यंत्र, लावला. लाकडातली आर्द्रता २० टक्क्यांच्या आत असेल तर कूज धरत नाही. ती २८-३० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी लाकूड खायला लागते. एका खिडकीखाली टोच्या लोण्यात शिरावा तसा आत गेला, आणि वरचा रंग मात्र शाबूत! नुसता रंग पाहून भिंत ठीक आहे म्हणणाऱ्याला काम देऊच नका.

पाणी शिरत होतं ते मात्र त्या खिडकीच्या बरंच वर. उतरत्या छताची कड जिथे भिंतीला लागून संपते, तिथून पाणी पन्हळीत पडण्याऐवजी भिंतीच्या अंगावर उतरत होतं आणि फळ्यांच्या मागून खाली झिरपत होतं. तिथे पाणी बाहेर वळवणारा वाकवलेल्या पत्र्याचा तुकडा हवा, तो मुळात बसवलेलाच नव्हता. हातभर लांबीचाही नसतो तो तुकडा, पण तो नसला की नव्या फळ्यासुद्धा त्याच जागी कुजणार.

कोणतंही आच्छादन, मग ते लाकडाचं असो, व्हिनाइलचं असो की सिमेंटचं, सगळं पाणी बाहेर अडवत नाही. वारा असला की थोडं आत जातंच. ते पुन्हा बाहेर कसं पडेल याचा विचार फळ्यांच्या मागे करावा लागतो, आणि तो या लोकांनी मनापासून केला. आतला भुसभुशीत झालेला प्लाय कापून नवा घातला. त्यावर पाणी अडवणारा पण वाफ बाहेर जाऊ देणारा कागद खालून वर लावत नेला. वरचा थर नेहमी खालच्या थरावर चढलेला. कागदावर उभ्या लाकडी पट्ट्या मारल्या आणि त्यांच्यावर बोर्ड. त्यामुळे मागे बोटभर पोकळी राहते, तिच्यातून पाणी निथळतं आणि वारा खेळतो. खाली जाळी लावली, म्हणजे हवा जाते पण किडे आत शिरत नाहीत. बोर्डाची खालची कड जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर ठेवली, कारण जमिनीवरून उडणारं पाणी तेवढ्याच पट्ट्याला सतत भिजवत असतं.

सीलंटच्या, म्हणजे फटी बुजवायच्या लवचीक लुकणाच्या, बाबतीत त्यांचा हात योग्य तिथे थांबला. खिडकीच्या बाजूंना भरलं, पण खिडकीच्या डोक्यावरच्या पत्र्यावर बोर्डाची कड जिथे येते ती फट मोकळी सोडली. एका फळीवर दुसरी चढते तिथेही काही भरलं नाही. बघणाऱ्याला ते काम अर्धवट वाटतं. पण त्याच फटींतून आतलं पाणी बाहेर येतं. त्या बुजवल्या की ओल कोंडलीच.

उत्तरेकडची भिंत उघडायची गरज नाही, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. तिथे आतला प्लाय कोरडा होता, म्हणून तडकलेल्या तेवढ्याच फळ्या बदलल्या. सगळंच काढा म्हणाले असते तर त्यांनाच जास्त पैसे मिळाले असते. त्या एका वाक्याने माझा विश्वास बसला.

आता तक्रार. पहिल्या दिवशी बोर्ड उघड्या करवतीने खिडकीशेजारीच कापले. फायबर सिमेंटच्या धुळीत सिलिका असते. ती बारीक धूळ फुप्फुसात साठली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, आणि कापणारा मुलगा साधा रुमाल बांधून उभा होता. रुमालाने ती धूळ अडत नाही. मी काम थांबवायला लावलं, तेव्हा धूळ ओढणारी करवत आणि नीट मास्क आले. गाडीत होते, मग आधीच का नाही काढले? शिवाय कापलेल्या कडांना सीलर (पाणी शोषू न देणारा लेप) लावायचं दोन ठिकाणी राहून गेलं होतं, ते दाखवून करून घ्यावं लागलं. कोरी कड पाणी शोषते, आणि एकदा बोर्ड बसला की ती कड कुणाला दिसत नाही. म्हणून बोर्ड चढवत असताना तिथे उभं राहाच.

पावसानंतर त्याच खिडकीजवळ आतून मीटर लावून घेतला: १४ टक्के. दक्षिणेकडची भिंत यांनाच द्यायची ठरवली आहे. फक्त कापणी घरापासून लांब आणि मास्क लावूनच होईल, हे या वेळी आधी लिहून घेतलंय.