मारुती ८००: कॉलमच्या कामानंतर बदललेला इग्निशन स्विच आणि स्टार्टर रिले, पावसाळाभर वापरून

गाडी नव्वदच्या दशकातली, कार्बोरेटरवाली. मुक्काम मालवण, रोजची धाव कुडाळपर्यंत, अधूनमधून फोंडा घाट चढून कोल्हापूर. स्टिअरिंग कॉलमचा (चाकापासून खाली जाणाऱ्या दांड्याचा) बुश झिजून चाक खडखडत होतं, म्हणून कॉलम उतरवून बुश आणि खालचा जॉइंट बदलून घेतला. स्टिअरिंग नव्यासारखं झालं, पण चावीची कटकट त्याच आठवड्यात सुरू झाली. कधी स्टार्टला फिरवली की नुसतं ‘टक’, कधी तेही नाही. वाडीतल्या खड्ड्यात चाक आदळलं की चालतं इंजिन क्षणभर मरायचं.

काम केलेल्या गॅरेजचं म्हणणं, ‘चावीसकट अख्खं लॉक बदला.’ कुडाळच्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनकाकांनी मात्र डॅशखाली डोकं घालून सांगितलं, ‘बदलूची घाई करू नको, आधी मागचो कपलर बघूया.’ कपलर म्हणजे वायरी जोडणारं प्लग-सॉकेट.

ज्यांच्या गाडीचं असं काम झालंय त्यांनी हे नीट वाचावं. ८०० मध्ये चावीचं लॉक आणि विजेचा स्विच हे दोन वेगळे भाग आहेत. पुढे लॉक, त्यातून निघणारी पिन कॉलम अडवते. मागे स्क्रूने बसवलेला विजेचा भाग. कॉलम खाली घेताना या भागाची वायरिंग ताणली जाते. माझ्या गाडीत कपलर अर्धवट बसवलेला होता, आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कॉलमला इतका आवळून बांधला होता की चाक हादरलं की वायरला ओढ बसायची. एक टर्मिनल सैल पडून तापलं होतं, प्लास्टिक तपकिरी झालेलं. त्यात आमची खारी हवा, तांब्यावर हिरवा थर.

काकांनी मोजलं कसं तेही सांगतो, कारण अंदाजाने पार्ट बदलण्यात पैसे जातात. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी सोलेनॉइडच्या (स्टार्टर चालू करणाऱ्या विजेच्या चुंबकाच्या) बारीक वायरीच्या टर्मिनलवर, आणि दुसऱ्याने चावी स्टार्टला धरायची. काटा जितके व्होल्ट दाखवेल तितके वाटेत हरवतायत. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. माझ्याकडे दोनाच्या वर होते. मग तीच काळी पिन कपलरच्या अलीकडे आणि पलीकडे लावली. निम्मं नुकसान कपलरमध्ये, उरलेलं स्विचच्या आतल्या झिजलेल्या कॉन्टॅक्टमध्ये. लॉक सिलिंडर निर्दोष होता.

म्हणून फक्त मागचा विजेचा भाग नवा घेतला. टर्मिनल साफ करून घट्ट केलं, हार्नेसला बोटभर ढील ठेवली आणि रिले बसवला, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. सोलेनॉइड आत ओढला जाताना दहा अँपिअरच्या पुढे सहज जातो, आणि तो सगळा भार या इवल्या कॉन्टॅक्टवर पडतो. रिलेच्या कॉइलला मात्र पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. रिलेच्या पिनांवर नंबर असतात, त्याप्रमाणे जोडणी सोपी आहे: ३० नंबरला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, ८७ वरून सोलेनॉइड, ८६ ला चावीची स्टार्टची वायर, ८५ बॉडीला अर्थ. रिले आणि सॉकेट मिळून खर्च सुरमई थाळीपेक्षा फार जास्त नाही.

आता वापराबद्दल. जून ते सप्टेंबर गाडी उघड्यावरच होती. मालवणच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात ही खरी परीक्षा, आणि त्या काळात एकदाही सेल्फ रुसला नाही. घाटात, गरम इंजिनवर, लगेच पुन्हा स्टार्ट करतानाही फरक जाणवतो. स्टार्टर दमदार फिरतो. खड्ड्यात इंजिन मरणं पूर्ण थांबलं. नव्या स्विचचा परतीचा स्प्रिंग मात्र जुन्यापेक्षा कडक आहे, घरच्यांना तो आवडलेला नाही. रिले सुरुवातीला बॅटरीखाली लावला होता, तिथे पाणी उडायचं. आता वर फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) आहे, तोंड खाली, म्हणजे पाणी साचत नाही.

बाजारातल्या अख्ख्या लॉक-सेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लॉक खरंच बिघडलं नसेल तर घेऊ नका. ते बसवणारे बोल्ट घट्ट करताना त्यांची डोकी तुटून पडतात, चोराला सहज खोलता येऊ नयेत म्हणून. काढताना ड्रिल मारावं लागतं, आणि त्या जागी साधे बोल्ट लावून देणारे भेटतात. तसं करू देऊ नका. नवं लॉक बसवलंच, तर गाडी उभी असताना तपासा: चावी फक्त लॉकच्या जागी निघते ना, आणि ‘ऑन’ असताना चाक दोन्ही टोकांना पूर्ण फिरवलं तर पिन कुठे अडत नाही ना. चालत्या गाडीत ती पिन पडली तर स्टिअरिंग जाम होतं, यात तडजोड नको.

१९८३ साली आलेल्या आणि २०१४ ला उत्पादन थांबलेल्या गाडीचे सुटे भाग सिंधुदुर्गात अजून मिळतात, हे आमचं सुख. दिवाळीनंतर कपलर उघडून पाहिला: टर्मिनल चकचकीत, हिरवा थर नाही. डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (ओल न शिरू देणाऱ्या, वीज न वाहणाऱ्या ग्रीसचा) नवा हात देऊन बंद केला. मेमध्ये, पाऊस लागायच्या आधी, पुन्हा उघडणार आहे.