मधुमेहींना विकले जाणारे विजया तेल: पाच आठवड्यांच्या वापरानंतर

मला टाइप २ मधुमेह होऊन ११ वर्षे झाली. गेल्या दोन वर्षांत पायांची जळजळ एवढी वाढली आहे की रात्री बोटांना चादर लागली तरी सहन होत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या प्रेगाबालिनने झोप लागायची, परंतु दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोके जड राहायचे आणि घोट्यांवर सूज यायची, म्हणून ती गोळी बंद करावी लागली. अशा अवस्थेत मी एका ऑनलाइन कंपनीकडून ३० मिली विजया तेलाची बाटली २,४०० रुपयांना मागवली. विजया हे आयुर्वेदातले भांगेचे नाव आहे. पार्सल उघडताना मुलीने वास घेऊन ‘बाबा, ही भांगच ना?’ असे विचारले आणि ती बरोबर होती.

भांगेचे औषध उघडपणे कसे विकले जाते, ही शंका मलाही होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर राहतात. म्हणून पानांचा अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेऊन बनवता येतो. बियांचे तेल ही मात्र निराळी वस्तू आहे. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बियांना आणि त्यांच्या तेलाला अन्न म्हणून मान्यता दिली असून त्यात नशा आणणारे टीएचसी नावापुरतेच असावे लागते. या कंपनीच्या संकेतस्थळावर दोन्ही तेले शेजारीशेजारी, सारख्याच हिरव्या बाटल्यांत दिसतात, आणि घाईत पाहणाऱ्याची फसगत व्हावी अशीच ती मांडणी आहे.

बाटली चांगली आहे. काच गडद आहे, ड्रॉपरवर पाव मिलीच्या खुणा आहेत, तेल तिळाचे असून चवीला कडवट आणि घशाशी किंचित तिखट लागते. तक्रार लेबलाविषयी आहे. ‘२,५०० मिलीग्रॅम विजया अर्क’ असे ठळक छापले आहे. पण त्या अर्कात टीएचसी किती आणि सीबीडी किती, याचा कोठेही उल्लेख नाही. पहिल्याने गुंगी येते, दुसऱ्याने येत नाही, आणि दोहोंचा शरीरावरील परिणाम वेगळा आहे. तेव्हा नुसते अर्काचे वजन सांगणे म्हणजे मसाल्याच्या पाकिटावर तिखट किती हे न सांगता एकूण वजन तेवढे छापण्यासारखे आहे. वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, ही सक्तीची सूचना आहे खरी, परंतु ती वाचायला मला भिंग लागले.

ती देखरेख म्हणजे चार मिनिटांचा व्हिडिओ कॉल होता. समोरच्या वैद्यबाईंनी वय, वजन आणि झोप विचारली. ‘शुगरची गोळी चालू आहे का?’ हेही विचारले, मी हो म्हणालो, आणि कोणती हे न विचारताच त्यांनी मात्रा लिहून दिली: पहिला आठवडा रात्री पाव मिली, पुढे अर्धा मिली. मी सकाळी मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड घेतो. नंतर माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी समजावले की ग्लिमेपिराइडचा निचरा यकृतातील ज्या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) होतो, तेच विकर सीबीडीमुळे मंदावू शकते. मग गोळी शरीरात जास्त वेळ टिकून साखर अपेक्षेपेक्षा खाली जाण्याची भीती असते.

जळजळीवर तेलाचा गुण आला, हे मान्य करायला हवे. पाचव्या-सहाव्या रात्रीपासून मी चादर ओढून झोपू लागलो. ही भावना अगदीच निराधार नसावी, कारण २०१५ मध्ये अमेरिकेत मधुमेहामुळे नसांचा विकार झालेल्या १६ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात टीएचसीची मात्रा वाढवत गेल्यावर वेदना काही तासांपुरती कमी झाल्याचे आढळले होते. अर्थात तेथे औषध वाफेतून दिले होते, रुग्ण मूठभर होते आणि मोठ्या मात्रेवर त्यांची बौद्धिक कामगिरीही थोडी घसरली होती.

तेलाने साखर आटोक्यात येते, हा दावा मात्र मला पटलेला नाही. कंपनी २०१३ चा एक अमेरिकी अभ्यास पुढे करते, ज्यात गांजा घेणाऱ्यांचे उपाशीपोटीचे इन्सुलिन १६ टक्के कमी दिसले. ती केवळ लोकसंख्येची पाहणी होती. गांजामुळे तसे झाले, असे त्यातून सिद्ध होत नाही. २०१६ च्या एका छोट्या चाचणीत टाइप २ च्या ६२ रुग्णांपैकी सीबीडी घेणाऱ्यांच्या साखरेत फरक पडला नाही. उपाशीपोटीची साखर उतरली ती टीएचसीव्ही या दुसऱ्याच घटकाने, आणि तो माझ्या बाटलीवर छापलेलाही नाही. माझे स्वतःचे उपाशीपोटीचे आकडे पाच आठवडे १३० ते १५० यांतच फिरत राहिले. शिवाय मधुमेह बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई असल्यामुळे तो दावा कंपनीने स्वतःच्या तोंडाने न करता ग्राहकांच्या अभिप्रायांतून वदवून घेतला आहे, ही चलाखी वेगळीच.

पाचव्या आठवड्यात मी तेल थांबवले, त्याचे कारण एक रात्र. पोट बिघडल्याने अर्धी भाकरी खाऊन झोपलो होतो. अडीचच्या सुमारास छाती धडधडत जाग आली, बनियन घामाने भिजले होते, डोके तरंगत होते. टीएचसीनेही नाडी वाढते हे वाचलेले असल्याने ‘तेल चढले असेल, उतरेल’ असे म्हणून मी पुन्हा आडवा झालो. बायकोने हट्टाने बोटाला सुई टोचली आणि ग्लुकोमीटरवर ५८ आकडा आला. पाण्यात साखर घालून प्यायल्यावर पंधरा मिनिटांनी तो ८३ झाला. साखर तेलानेच उतरली असे मी म्हणणार नाही. अर्धी भाकरी आणि ग्लिमेपिराइड तेवढ्याला पुरेसे आहेत. परंतु साखर उतरल्याची जी खूण शरीर देते, ती ओळखण्यात या तेलाने मला चुकवले, आणि त्या वेळी मी घरात एकटा असतो तर कठीण होते.

टाइप १ असलेल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. कोलोरॅडोतील २०१९ च्या एका अभ्यासात गांजा वापरणाऱ्या टाइप १ रुग्णांत कीटोअॅसिडोसिसचा (रक्तात आम्ल साचण्याच्या जीवघेण्या अवस्थेचा) धोका सुमारे दुप्पट आढळला होता, आणि अमेरिकन डायबेटीस असोसिएशननेही त्यांना मौजेखातर गांजा कोणत्याही रूपात घेऊ नये, असे बजावले आहे.

पाचपैकी दोन तारे देतो, दोन्ही झोपेसाठी. कंपनीला लेबल आणि सल्ल्याच्या पद्धतीविषयी सविस्तर मेल पाठवला होता. त्याच्या उत्तरादाखल पुढच्या बाटलीवर २० टक्के सूट देणारे कूपन आले. अर्धी बाटली अजून कपाटात आहे.