बेळगावच्या टिळकवाडीतला रविवारचा ब्रिटिश इंग्लिश क्लास, नक्की जा

टिळकवाडीत रेल्वे गेटच्या अलीकडं एका घराच्या वरच्या मजल्यावर हा क्लास भरतो, यूकेला नर्सिंगला जाणाऱ्या पोरीच जास्त, भाचीला सोडायला म्हणून गेलो आणि मग मीपण बसायलाच लागलो. ग्रामर कुठंही शिकवतात हो, इथली खासियत म्हणजे इंग्रज माणूस दचकला, चिडला की तोंडातनं जे निघतं ते मुळात आलं कुठनं, हे सांगणारा सरांचा तास.

ब्लायमी म्हणजे 'गॉड ब्लाइंड मी', देव माझे डोळे फोडो. क्रायकी हे ख्राइस्टचं झाकलेलं रूप, स्ट्रूथ म्हणजे 'गॉड्स ट्रूथ'. देवाचं नाव उगाच घेणं पाप, आणि १६०६ ला तर तिकडं कायदाच झाला, रंगमंचावर देवाचं नाव थट्टेनं घेतलं की १० पौंड दंड, मग लोक शब्द मोडून तोडून वापरणारच की. आपण च्यायला म्हणतो त्यात आई कुठं धड ऐकू येते, तसंच हे.

सगळ्यात भारी तास कॉड्सवॉलपचा. म्हणजे निव्वळ बाता. सरांनी टेबलावर चक्क गोटी सोड्याची बाटली ठेवली. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ ला हिचं पेटंट घेतलं, आतल्या गॅसच्या दाबानं गोटी वर मानेतल्या रबराच्या रिंगला घट्ट बसते, अंगठ्यानं दाबली की फस्स करून खाली येऊन खाचेत अडकते. वॉलप म्हणजे बिअर, म्हणून कॉडच्या सोड्याला बिअरवाले हिणवायचे, अशी गोष्ट सांगतात. पण सर तिथं थांबत नाहीत, बाटलीच्या त्या काळात हा शब्द छापलेला कुठं मिळतच नाही, मिळतो तो विसाव्या शतकात, म्हणून ही गोष्ट पक्की धरायची नाही असं ते स्पष्ट सांगतात. मला हेच आवडलं, व्हॉट्सॅपवरची ज्ञानगंगा नाही ही.

ब्लडी या शिवीचंही तसंच, 'बाय अवर लेडी' म्हणजे मेरीमातेची शपथ, त्यावरनं हा शब्द आला ही कथा अभ्यासक मानत नाहीत. १९१४ ला जॉर्ज बर्नार्ड शॉच्या पिग्मॅलियन नाटकात हा शब्द आला तर लंडनमध्ये केवढा गाजावाजा झाला, आणि आज कुणीही सहज बोलतं. एकीनं विचारलं, "सर, पेशंट असं बोलूलालाय म्हटल्यावर राग मानायचा की नाही वो?" सर म्हणाले, "टोन बघ गं, ब्लडी गुड म्हटलं तर कौतुकच आहे." लगेच तेच कन्नडमध्ये पण सांगितलं, कारण निम्म्या पोरी कन्नड घरच्या.

डूलाली म्हणजे डोकं फिरलेला, हा आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरनं! मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर तिथल्या कॅम्पात महिनोन्महिने पडून असायचे, डोकं फिरायचं, त्यालाच डूलाली टॅप म्हणायचे, टॅप म्हणजे आपला ताप. कॅम्पाच्या गावात राहणाऱ्या आम्हाला हे लगेच पटलं.

तक्रार एकच मोठी. बगर आणि बोलॉक्स असल्या अश्लील शिव्या आल्या की सर लाजतात आणि पुढं सरकतात. पोरींना वॉर्डात हे रोज कानावर पडणार आहे, तर कुठला शब्द चालतो, कुठला तोंडात आणायचा नाही, हे नीट सांगायलाच पाहिजे. आणि झेरॉक्स फार फिक्या असतात, मागं बसलात तर फळ्यावरचं दिसत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढची जागा धरा. गाडी खालच्या गल्लीत लावू नका, शेजारचे ओरडतात.