यामाहा पीएसआर-एसएक्स७००: कॉर्ड ओळखायचे सात प्रकार आणि माझा डावा हात

बहीण गाते आणि मी साथ करतो. त्यामुळे अरेंजर कीबोर्डचा (डाव्या हाताच्या कॉर्डवरून आपोआप साथ वाजवणाऱ्या कीबोर्डचा) विषय निघाला की आवाज किती, स्टाइल म्हणजे तयार साथीचे साचे किती, हे मी नंतर विचारतो. माझा पहिला प्रश्न असतो, हा डाव्या हाताची कॉर्ड, म्हणजे एकत्र पकडलेले सूर, ओळखतो कशी?

कारण आधीच्या कीबोर्डवर मी बराच काळ मल्टी फिंगर मोडमध्ये वाजवलं. हा मोड एका बोटाचीही कॉर्ड घेतो आणि पूर्ण पकडलेलीही, म्हणून सगळ्यात सोयीचा वाटला. पण हात पियानोवर घडलेला, त्यामुळे संथ गाण्यात माझी बोटं एकदम पडत नाहीत, एकामागून एक उतरतात. ए मायनर पकडताना करंगळी आधी ए वर टेकायची. कीबोर्ड त्या एका पट्टीचा अर्थ ए मेजर असा घ्यायचा आणि साथीतल्या स्ट्रिंग्जमधून क्षणभर सी शार्प वाजायचा (मायनरमध्ये तिथे सी हवा). मग बाकीची बोटं पोचली की मायनर. एवढासा तो सूर, पण गाणाऱ्याच्या कानात काट्यासारखा रुततो. बहीण ओळ अर्धवट सोडून माझ्याकडे बघायची. मी कित्येक दिवस बोटं एकत्र पाडायचा रियाज केला. मोड बदलायला हवा होता, हे फार उशिरा कळलं.

एसएक्स७०० वर मेन्यूत ‘स्प्लिट अँड फिंगरिंग’ नावाचं पान आहे. तिथे सात प्रकार मिळतात: सिंगल फिंगर, मल्टी फिंगर, फिंगर्ड, फिंगर्ड ऑन बास, फुल कीबोर्ड, एआय फिंगर्ड आणि एआय फुल कीबोर्ड. फिंगर्ड लावल्यावर पहिल्याच संध्याकाळी माझा तो सी शार्प गेला. एकट्या बोटाला इथे कॉर्ड मानलंच जात नाही. ए आणि सी पडले तरी आधीची कॉर्ड चालू राहते, ई आला की मायनर होते.

सिंगल फिंगरबद्दल थोडक्यात. एक पट्टी म्हणजे मेजर. तिच्यासोबत डावीकडची काळी दाबली तर मायनर, डावीकडची पांढरी दाबली तर सेव्हन्थ, दोन्ही दाबल्या तर मायनर सेव्हन्थ. कॅसिओच्या पद्धतीत मात्र उजवीकडच्या पट्ट्या मोजायच्या असतात: एकूण दोन दाबल्या की मायनर, तीन सेव्हन्थ, चार मायनर सेव्हन्थ. एका पद्धतीवर बसलेला हात दुसरीवर हमखास चुकतो. फिंगर्डमध्ये पकडायचे ते कॉर्डचे खरे सूर, आणि ते कुठल्याही वाद्यावर तेच असतात. शिकणाऱ्याने पहिल्या महिन्यापासून फिंगर्डच धरावं, असं माझं ठाम मत आहे.

फिंगर्डमध्ये आणखी दोन गोष्टी हाती लागल्या. लगतच्या तीन पट्ट्या (काळ्या धरून, म्हणजे सी, सी शार्प, डी) एकदम दाबल्या की बाकी साथ गप्प होते आणि फक्त ताल उरतो. शेवटच्या कडव्याआधी दोन मात्रा मी हे करतो. त्या मोकळ्या जागेत बहिणीचा आवाज फार सुंदर उठतो. दुसरी गोष्ट म्हणजे मूळ सूर आणि त्याचाच वरच्या सप्तकातला सूर एवढेच दाबले तर साथीत मेजर-मायनर काहीच उरत नाही. सुरुवातीच्या आलापीला हे उत्तम.

पण माझा जीव जडलाय तो फिंगर्ड ऑन बासवर. यात तळाला जो सूर पकडाल तोच बास, म्हणजे साथीतला सगळ्यात खालचा आवाज, वाजवतो. सी, जी, ए मायनर, सी, एफ हा क्रम घ्या. साध्या फिंगर्डमध्ये बास मूळ सुरांवरच उड्या मारतो. ऑन बासमध्ये दुसऱ्या कॉर्डला तळाशी बी ठेवा, चौथीला जी. आता बास सी, बी, ए, जी, एफ असा पायरी पायरीने उतरतो. स्टाइल तीच, कॉर्ड त्याच, पण साथ आता गाण्याचा हात धरून चालते. मात्र कॉर्ड उलटीसुलटी पकडायची सैल सवय इथे चालत नाही, कारण तळाचं प्रत्येक बोट ऐकू येतं.

तळाच्या सुराचं महत्त्व साध्या फिंगर्डमध्येही असतंच. सी, ई, जी, ए हे चार सूर सी सिक्स या कॉर्डचे, आणि ए मायनर सेव्हन्थचेही. तळाशी सी असेल तर पहिली, ए असेल तर दुसरी.

एआय फिंगर्डला तीनपेक्षा कमी सूरही पुरतात. आधीच्या कॉर्डवरून तो अंदाज बांधतो. द्रुत गाण्यात मदत होते, पण मला अंदाजावर साथ सोडवत नाही. फुल कीबोर्डचे दोन्ही मोड दोन्ही हातांनी पियानोसारखं वाजवणाऱ्यांसाठी आहेत. मात्र त्यांत सिंक स्टॉप लावता येत नाही, आणि माझं तर त्यावाचून अडतं: सिंक स्टॉप लावला की पट्ट्या सोडल्यावर साथ थांबते, धरल्यावर सुरू.

स्प्लिट, म्हणजे डाव्या हाताचा भाग जिथे संपतो ती पट्टी, कंपनीने एफ शार्प २ वर ठेवलेला आहे, म्हणजे ६१ पट्ट्यांपैकी डाव्या हाताला साधारण दीड सप्तक. ऑन बाससाठी ते पुरतं. बी तळाशी ठेवून जी पकडताना माझी करंगळी अजून अडखळते, म्हणून रोज दहा मिनिटं त्याच पाच कॉर्ड घोटतो, स्टाइल बंद ठेवून.