चोवीस चकत्या आणि एक खोटं प्रमाणपत्र

माझी लेक रायफल नेमबाजीत ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून नेम धरायचा प्रकार, खेळते. तिची रायफल आम्ही एका ज्येष्ठ नेमबाजाकडून, परवान्याचे सगळे कागद पूर्ण करून, जुनी घेतली. तिच्या बोल्टमध्ये, म्हणजे काडतूस नळीत बंद करणाऱ्या सरकत्या भागात, फायरिंग पिनवर नेहमीची वेटोळी स्प्रिंग नाही, डिस्क स्प्रिंगांची चळत आहे. बशीसारख्या खोलगट २४ चकत्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, अशा ओवलेल्या. बाहेरचा व्यास ८ मिलिमीटर, भोक ४.२, जाडी ०.३.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत मशीनवर आयुष्य काढलं. सीएनसीच्या स्पिंडलमध्ये टूल धरून ठेवतात त्या याच जातीच्या चकत्या. म्हणजे ही वस्तू मला परकी नव्हती, आणि तरीही माझी फसवणूक झाली. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

वेटोळी स्प्रिंग दाबताना थोडी पिळते, बाजूला झुकते, सुटल्यावर थरथरते. चकत्यांची चळत अगदी थोड्या अंतरात मोठा जोर देते. त्यामुळे पिनचा प्रवास आखूड ठेवता येतो आणि ट्रिगर सुटल्यापासून पिन काडतुसावर आदळेपर्यंतचा वेळ, ज्याला लॉक टाइम म्हणतात, कमी होतो. रायफल त्या काही मिलिसेकंदांत जितकी कमी हलेल तितकं बरं. पण हे सगळं चकत्या खऱ्या असतील तरच.

ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये जागतिक सुवर्ण आणलं होतं, तेव्हापासून इथली घरं रायफलीकडे वळलेली आहेतच. स्वप्नीलच्या पदकानंतर रेंजवर नवी मुलं आली, त्यांचे आईबाप आले आणि त्यांच्या मागोमाग सामान विकणारेही आले. त्यातले बहुतेक प्रामाणिक आहेत. एक नव्हता.

त्याचं नाव लिहीत नाही, तक्रार चौकशीत आहे. स्पर्धांच्या ठिकाणी जॅकेट, ग्लोव्ह्ज, सुटे भाग घेऊन बसायचा. सगळी मुलं त्याला काका म्हणायची. बोल्टमधल्या चकत्या जुन्या झाल्यात, बदलायला हव्यात, हे मीच त्याच्यापाशी बोललो. तो म्हणाला, "साहेब, जर्मनीहून ओरिजिनल सेट मागवतो. लॉक टाइम निम्मा होईल."

इथेच मी थांबायला हवं होतं. पिनचं वजन आणि प्रवास तोच ठेवून वेळ निम्मा करायचा तर जोर चौपट लागतो. चौपट जोर त्या सिअरने, म्हणजे पिन अडवून धरणाऱ्या खटक्याने, कसा पेलायचा? शाळेच्या भौतिकशास्त्रातला हिशेब आहे. पण लेकीचं राज्य स्पर्धेचं वर्ष होतं आणि मला होकार द्यायचाच होता.

२२,५०० रुपये मोबाइलवरून पाठवले. दहा दिवसांनी "पार्सल कस्टममध्ये अडकलंय" म्हणून आणखी ४,०००. बिल मागितलं तर म्हणाला, सेटबरोबर येईल. सेट आला, बिल आलं नाही. त्याऐवजी एक चकचकीत प्रमाणपत्र आलं, शिक्क्यासह. परवानाधारक गनस्मिथकडून चकत्या बसवून घेतल्या.

पहिले दोन-तीनशे शॉट उत्तम गेले. मग ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, उभा पसरायला लागला. आडवा जागच्या जागी, पण अधूनमधून एक शॉट खाली. प्रोनमध्ये असा शॉट आला की प्रत्येकजण नेमबाजाकडेच बघतो. श्वास चुकला, खांदा सैल पडला, गालाचा दाब बदलला. कोचने पोझिशन पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली. आम्ही गोळ्यांचे तीन लॉट बदलले, ते पैसे वेगळेच. लेक रात्री वहीत स्वतःच्या चुका लिहायची. ती वही माझ्याकडे आहे. दोन महिन्यांची पानं, आणि त्यातली एकही चूक तिची नव्हती.

पिन दुबळी आदळली की रिमफायर, म्हणजे कडेवर (रिमवर) ठोकून पेटणाऱ्या, काडतुसातला मसाला दरवेळी सारखा पेटत नाही, गोळीचा वेग कमीजास्त होतो. वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर खाली लागते. टार्गेटवरच्या रिंगा एकमेकींपासून ८ मिलिमीटरवर आहेत. म्हणजे अख्खी एक रिंग गेली.

बालेवाडीच्या स्पर्धेत लागोपाठ दोन मिसफायर झाले, तेव्हा मी ती काडतुसं खिशात घालून घरी आणली. जुन्या रिकाम्या पुंगळ्यांशेजारी ठेवून भिंगातून पाहिलं. रिमवरचा पिनचा ठसा निम्म्यानेही खोल नव्हता. गनस्मिथने बोल्ट उघडला. चळतीची मोकळी उंची १३.२ मिलिमीटर असायला हवी, ती १२.५ भरली. दोन चकत्यांना आतल्या कडेवर बारीक चिरा होत्या.

खरी डिस्क स्प्रिंग कारखान्यातच एकदा पूर्ण दाबून तिची उंची पक्की केलेली असते. दोन सपाट पृष्ठांमध्ये दाबून सोडली तर ती परत तेवढीच भरते. सेटमध्ये उरलेल्या दोन जादा चकत्या मी अशा दाबल्या. ०.५५ मिलिमीटर उंचीच्या ०.५१ झाल्या, आणि परत वर आल्याच नाहीत. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. एक मायक्रोमीटर आणि एक व्हाइस लागतो. जादा चकती असेल तर ती बोल्टमध्ये काही बसवण्याआधी करा.

मग मी ते प्रमाणपत्र नीट वाचलं. त्यावर लिहिलं होतं: डीआयएन २०९३ (डिस्क स्प्रिंगचं जर्मन मानक), गट २, कडकपणा ५५ एचआरसी (रॉकवेल सी माप). या मानकात १.२५ मिलिमीटरपेक्षा पातळ चकत्या गट १ मध्ये येतात. गट २ म्हणजे १.२५ ते ६ मिलिमीटर. ०.३ ची चकती तिथे असूच शकत नाही. शिवाय त्या गटालाही कडकपणा ४२ ते ५२ एचआरसीच सांगितला आहे. कुठल्या तरी जाड चकतीच्या कागदावरून आकडे उचलून, वर भर घालून छापलेला कागद होता तो. ओळखीच्या प्रयोगशाळेत गेलो तर तिथला मुलगा म्हणाला, "काका, इतक्या पातळ पत्र्यावर रॉकवेल सी घेतच नाहीत, व्हिकर्स घ्यावं लागतं." व्हिकर्स, म्हणजे पातळ पत्र्याला चालणारं कडकपणाचं माप, घेतलं. किमान ४२५ हवं, ते ३०० च्याही खाली आलं. साधा पत्रा पंचने कापून वाकवलेला.

सेट विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो काय म्हणाला ते मी विसरणार नाही. "साहेब, मुलीचा ट्रिगर कंट्रोल कच्चा आहे, स्प्रिंगला कशाला दोष देता?" पैशांपेक्षा मला हे वाक्य लागलं. लेक शेजारी बसून ऐकत होती.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन तीन महिने झाले होते आणि खातं रिकामं होतं. ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. तिथे पहिला प्रश्न बिलाचा आला. माझ्याकडे बिल नाही. व्यवहाराचे स्क्रीनशॉट, प्रयोगशाळेचा अहवाल आणि ते प्रमाणपत्र एवढंच आहे. पाकीट, पत्ता लिहिलेलं लेबल, काहीही फेकू नका. मी लेबल फेकलं होतं. ते असतं तर सेट जर्मनीहून आलाच नव्हता हे तिथल्या तिथे दाखवता आलं असतं.

रायफल बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून नवा सेट घेतला, बिलासकट. आधी त्या माणसाला मोजलेल्या पैशांचा चौथा हिस्साही लागला नाही. ग्रुप आठवड्यात गोळा झाला. राज्य स्पर्धा मात्र तोवर होऊन गेली होती.

गेल्या महिन्यात तो माणूस एका जिल्हा स्पर्धेत पुन्हा दिसला. साताऱ्याकडच्या एक ताई मुलासाठी त्याच्याकडून काहीतरी घेत होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, चकत्यांची डबी टेबलावर उघडली आणि मायक्रोमीटर ताईंच्या हातात दिला. त्यांनी आधी डबीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. विचारलं, "दादा, याचं पक्कं बिल द्याल ना?"

तो सामान आवरायला लागला.